एप्रिलमध्ये वेंगुर्ला-मालवण : माशांच्या जेवणाबरोबर वाईन, बिअर की नुसती सोलकढी?

घाटावरची

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून निघतोय. तीन रात्री वेंगुर्ला, दोन मालवण. मी, नवरा, नणंद, तिचे यजमान आणि सासरे. सासऱ्यांचा प्रश्न नाही, ते रमशिवाय कशाला हात लावत नाहीत आणि माशाबरोबर तीही घेत नाहीत. म्हणे माशाचा अपमान होतो. उरलेल्या चौघांना वाईन-बिअरची हौस आहे, अक्कल बेताची.

गेल्या खेपेला नणंदेने नाशिकहून चांगली महागातली शिराझ, म्हणजे रेड वाईन, आणली होती. ती बांगड्याच्या झणझणीत तिखल्याबरोबर उघडली. पहिल्या घोटाला सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागलो. गंजका खिळा चोखल्यासारखी चव! दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालून बूच लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच बाटली कोंबडी-वड्यांबरोबर छान लागली. म्हणजे चूक दुकानदाराची नव्हती, मग कोणाची?

तर घरून काय न्यावं, तिथे काय घ्यावं, कशाबरोबर काय प्यावं? जेवायच्या जागाही सांगा.

पापलेट_एके_पापलेट

मालवणात चैतन्य किंवा अतिथी बांबू. पुढचे प्रतिसाद वाचायची गरज नाही.

बोंडू

गंजको खिळो! हसान हसान मेलंय. ताई, बांगड्यावांगडा कोण वाईन पितत? सोलकढी घेवा नि गप झोपा. नायतर त्या तिरफळाक इचारा, तो सांगतलो.

तिरफळ

बोंड्याने ओढलंच मला. वेंगुर्ल्यात राहतो, धंद्याचा यातल्या कशाशी संबंध नाही. पण गेली पंधराएक वर्षं रविवारच्या माशाबरोबर काही ना काही उघडून बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. बायको त्या वहीला पापाची खतावणी म्हणते.

आधी खिळ्याचं. तुमची जीभ बरोबर होती. रेड वाईनमध्ये थोडं लोह असतं आणि बांगडा, तारली हे तेलकट मासे. दोघांची गाठ पडली की तोंडात तो हिंवस-गंजका वास उठतो. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं, लोह जास्त असलेल्या वाईनला हा वास जास्त येतो. वर शिराझचा तुरटपणा आणि तिखल्यातली मिरची एकमेकांना चेतवतात. कोंबडीत ते माशाचं तेल नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी वाईन सुधारली.

आता माझं मत. लोक विचारतात सुरमईबरोबर काय, पापलेटबरोबर काय. मासा बघूच नका, वाटप बघा. तीच सुरमई रवा लावून तळली तर एक गोष्ट, ओल्या नारळाच्या वाटपाच्या कढीत गेली तर दुसरी, आणि तिखल्यात गेली तर तिसरीच.

तळलेल्यापासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. कुरकुरीत रवा, तेल, वरून लिंबू. याला बुडबुडे हवेत. साधी माइल्ड लागर थंडगार, किंवा हौस असेल तर नाशिकची स्पार्कलिंग वाईन. बोंबील तळून गरम गरम ताटात येतो तेव्हा त्याच्या मऊ गाभ्याबरोबर ती स्पार्कलिंग मला अजून कोणत्याही जोडीपेक्षा जास्त आवडते. नुसता मुडदुसा तळला असेल तर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, पांढरी सोव्हिन्यॉं ब्लांपण चालते.

नारळाच्या कढीला शेनिन ब्लां, हीही पांढरीच, पण किंचित गोडसर असलेली. नारळाच्या दुधाला आंबट वाईन कापते आणि तो गोडवा मिरचीला गप्प बसवतो. मात्र एक अडचण आहे, कोकम. जेवण वाईनपेक्षा आंबट झालं की वाईन पाणचट लागते. आमच्याकडे कढीत चार आमसुलं सढळ हाताने पडतात. म्हणून मी घरी वाईनचा बेत असेल तर दोनच टाकायला सांगतो. खानावळीत असलं काही सांगू नका, आचारी तुम्हालाच कढीत घालेल.

याच कारणाने सोलकढी आणि वाईन एकाच वेळी नको. आगळ (कोकमाचा रस), लसूण, मिरची, नारळ, एवढं सगळं एका वाटीत असताना बिचारी वाईन काय करणार? आधी ग्लास संपवा, मग भात आणि सोलकढी. ती जेवणाचा शेवट आहे, तिच्यानंतर काही पिऊ नये असं माझं स्पष्ट मत.

तिखलं आणि तिरफळ घातलेला बांगडा यांना मात्र वाईन दाखवूसुद्धा नका. तिरफळ हा आमचा मसाला (माझं नाव उगाच नाही) जीभ चुणचुणवतो, थोडी बधिर करतो. वाईनचे बारीक वास तिथे कुणाला कळणार? त्याला गव्हाची बिअर. बेल्जियन धाटणीच्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालतात, आणि धणे तर आपल्या मालवणी मसाल्यातही असतात, त्यामुळे ओळख लवकर पटते. आयपीए नावाची कडू बिअर नको, कडवटपणा तिखट वाढवतो. आणि इथल्या बारमध्ये न सांगता समोर येते ती स्ट्राँग. ८ टक्क्यांपर्यंतचं अल्कोहोल, वर गुळचट. मिरचीवर तेल ओतल्यासारखं होतं. तोंडाने "माइल्ड" म्हणून मागा आणि बाटलीवर वाचून घ्या.

खेकडे, म्हणजे कुर्ल्या, यांचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. दोन्ही हात मसाल्यात असताना ग्लास धरायचा कशाने, हा पहिला प्रश्न.

शिळा_वडा

वहीची झेरॉक्स मिळेल का?

द्राक्षबागाईत

नाशिककडून थोडी भर. तिरफळरावांचं शेनिनचं म्हणणं बरोबर, पण "गोडसर" म्हणून लेट हार्वेस्ट (उशिरा काढलेल्या द्राक्षांची खूप गोड वाईन) उचलू नका, ती जेवणानंतरची आहे. साधी शेनिन ब्लां घ्या. इथल्या सुला कंपनीच्या २००० साली बाजारात आलेल्या पहिल्या वाईन शेनिन आणि सोव्हिन्यॉं याच दोन होत्या, त्यामुळे ही द्राक्षं आमच्याकडे चांगली मुरली आहेत. बाटलीवरचं साल मात्र बघा. आपल्याकडे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि या पांढऱ्या वाईन तरुणपणीच प्यायच्या असतात. चार वर्षं जुनी म्हणून जास्त चांगली, हा समज व्हिस्कीवाल्यांनी पसरवलाय.

तिरफळ

अगदी. आणि म्हणूनच वाईन घरून आणा. आमच्याकडच्या दुकानात खप व्हिस्की-रम-स्ट्राँगचा. वाईनच्या बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली उभ्या, एप्रिलच्या उकाड्यात. मी एकदा अशी शेनिन आणली, रंग चहासारखा, वास शिजलेल्या सफरचंदाचा. बिअरलाही ऊन बाधतं. हिरव्या बाटलीतली उन्हात राहिली की तिला कुबट वास येतो, तपकिरी बाटली त्यातल्या त्यात बरी.

आणताना डिकीत मोकळी ठेवू नका. घाट उतरून जेवायला दोन तास थांबलात की डिकीत भट्टी होते. मासळीवाल्यांची थर्माकोलची पेटी घ्या, बर्फासकट. इथे पोचल्यावर ती बंदरावर पुन्हा भरून मिळते. बाटली लवकर गार करायची तर बर्फात पाणी आणि मूठभर मीठ टाका, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. पाण्याशिवाय नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत खोचून ठेवली तर तासभर वाट बघा. पेटीला नंतर बांगड्याचा वास राहतो, तो गाडीला लागला तर मला दोष देऊ नका.

घाटावरची

केवढं लिहिलंत! वाचता वाचता भूक लागली. नवरा विचारतोय, एप्रिल म्हणजे हुर्राकचा मोसम ना? तो कुठे मिळेल? आणि माडी?

तिरफळ

मोसम बरोबर, मार्च ते मे. पण तो पलीकडे, गोव्यात. काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवून भट्टीवर एकदा उकळला की हुर्राक, पुन्हा उकळला की फेणी. हुर्राक साधारण १५ टक्के, फेणी चाळिशीच्या पुढे. लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. तळलेल्या तारल्यांबरोबर याच्यापुढे माझी सगळी खतावणी रद्द. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आमच्या बाजूला काजूला मानांकन, आणि बोंडं बहुतेक बागेतच कुजतात. एप्रिलमध्ये दोडामार्गाकडे गाडीची काच खाली करा, तो गोड-आंबूस वास सगळीकडे असतो. वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याहून गोवा जवळ आहे, तेरेखोलच्या बाजूने एक दिवस जाऊन या, तिथेच प्या, गाडी न पिणाऱ्याकडे द्या. बाटली बरोबर आणू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याच्या पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे. एकच बाटली आहे साहेब, हे तिथे रोज ऐकतात.

माडीचं सांगतो. पहाटे उतरवलेली गोड, दुपारपर्यंत फसफसते, संध्याकाळी आंबट. ती आपोआप आंबते, त्यामुळे वेळेवर सगळं अवलंबून. गोव्यात तिला सूर म्हणतात आणि इडलीसारख्या सान्नांचं पीठ फुगवायला वापरतात. ओळखीच्या माडवाल्याकडून किंवा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, रस्त्यावर कॅनमधली नको. तिच्यात काय काय मिसळतात ते ऐकलंत तर रमवाले सासरेच शहाणे वाटतील.

माजघर

आम्ही घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चालवतो म्हणून एक विनंती. खोली ठरवतानाच विचारा की घरात बसून घेतलेलं चालतं का. पुष्कळ घरांत देवघराला लागूनच जेवणाची पडवी असते. आमच्याकडे मागच्या माडांखाली खुर्च्या टाकून देतो, पण सोमवारी घरात मासेसुद्धा शिजत नाहीत. सोमवार येत असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबार, घावणे आणि ओल्या काजूची उसळ मागा. ओले काजू एप्रिलमध्ये संपत आलेले असतात, आधी फोन करा.

द्राक्षबागाईत

ओल्या काजूच्या उसळीला शेनिन. लिहून ठेवा.

तिरफळ

@द्राक्षबागाईत, हे वहीत आधीच आहे. पान ३१.

@घाटावरची, जेवायच्या जागेबद्दल पापलेटरावांशी भांडण नाही. पण एक सकाळ लवकर उठून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघा. ओढायला हात लावलात तर चार मासे हातावर पडतीलही. तेच मुक्कामाच्या घरी करून मागा आणि सांगा, तिरफळ नको, आमसुलं दोन.

घाटावरची

परत आलो, म्हणून धागा वर काढतेय.

पेटी चालली. दोन शेनिन, एक स्पार्कलिंग आणि विटबिअरचे सहा कॅन नेले होते. स्पार्कलिंग पहिल्याच रात्री बोंबलांबरोबर संपली, नणंद अजून त्याच गोष्टी सांगतेय. शेनिन नारळाच्या कढीतल्या सौंदाळ्यांबरोबर खरंच जमली, पण मला ती ओल्या काजूच्या उसळीबरोबर जास्त आवडली. सोमवारच होता.

रापण ओढली. नणंदेच्या यजमानांचा खांदा दुखतोय, वाट्याला तीन बांगडे आले. त्यांचं तिरफळ घालून सुकं झालं, कारण मुक्कामाच्या घरच्या काकूंनी "तिरफळ नको" हे ऐकूनच घेतलं नाही. विटबिअर बरी होती. नवऱ्याने हट्टाने शेनिनचा घोट घेतला आणि म्हणाला, काहीच लागत नाही, पाणी आहे.

हुर्राक तेरेखोलपलीकडे प्यायलो. मिरची घातलेला पहिला ग्लास सासऱ्यांनी उचलला! दुसराही. तारल्यांच्या ताटाबरोबर. अपमानाचं विचारलं तर म्हणाले, हा माशाचा शेजारीच आहे.

गाडीला वास आहेच. बेकिंग सोड्याने जाईल का कोणी सांगेल?

बोंडू

नाय जावचो.