होमी मोदी गिरणीमालकांचे पुढारी असून राज्यपाल कसे झाले?

गिरणी_परळ (प्रश्न)
मुंबईच्या कापड उद्योगावरच्या टिपणात सर होमी मोदींवर एक चौकट द्यायची आहे. गिरणीमालक संघाचे अध्यक्ष, टाटांच्या पेढीतले वजनदार संचालक, आणि मग १९४९ साली थेट संयुक्त प्रांताचे (आजचा उत्तर प्रदेश) राज्यपाल! या दोन टप्प्यांत दुवा काय? काँग्रेस सरकारने त्यांनाच का नेमलं? शिवाय राज्यपालाला कंपनीचं संचालकपद ठेवता येतं का?

जुनी_फाईल
दुवा १९४३ च्या फेब्रुवारीत आहे. चौकटीत तीच तारीख आधी घाला, नाहीतर बाकी सगळं अधांतरी राहील.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयचं कार्यकारी मंडळ (म्हणजे त्यांचं मंत्रिमंडळच) वाढवलं तेव्हा मोदींकडे पुरवठा खातं आलं. ऐन महायुद्धात सैन्याला कापडापासून यंत्रसामग्रीपर्यंत सगळं मिळवून देणारं खातं ते. कैदेत असलेल्या गांधीजींनी १० फेब्रुवारी १९४३ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांना सोडायला सरकार तयार होईना, तेव्हा आठवड्याभरात तिघांनी राजीनामे दिले: मोदी, नलिनीरंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. पुढे काय झालं ते बघा. अणे १९४८ ला बिहारचे राज्यपाल, मोदी मे १९४९ ला शेजारच्या संयुक्त प्रांताचे. दोघेही जून १९५२ पर्यंत होते. नलिनीरंजन सरकार पश्चिम बंगालचे अर्थमंत्री झाले.

माझं मत असं की उद्योगातल्या अनुभवाने मोदींना वजन दिलं, पण काँग्रेसला ते चालले ते या राजीनाम्यामुळे. १९३३ च्या मोदी-लीस कराराने त्यांच्यावर बरीच टीका ओढवली होती, त्यामुळे नुसत्या उद्योगपतीला लखनौचं राजभवन मिळणं अवघडच होतं.

सूत_दर
त्या कराराबद्दल दोन ओळी, कारण चौकटीत तो हमखास चुकीचा येतो. तो सरकारांमधला तह नव्हता. मुंबईचा गिरणीमालक संघ आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड उद्योगाचं लीस यांच्या नेतृत्वाखालचं शिष्टमंडळ यांच्यातला समझोता होता. त्या वर्षी जूनपासून ब्रिटिशेतर सुती कापडावर ७५ टक्के आयातकर होता, ब्रिटिश कापडावर २५. मुंबईच्या गिरण्यांना खरी धास्ती जपानी मालाची होती. म्हणून ब्रिटिश कापडाला सवलत मान्य करायची आणि बदल्यात लँकेशायरने भारतीय कापूस जास्त वापरावा, असा सौदा झाला. अहमदाबादचे गिरणीमालक त्यावर भडकले, राष्ट्रवादी पत्रांनीही झोडपलं. 'इंग्रजधार्जिणेपणा' एवढंच लिहून थांबू नका. जपानचा संदर्भ नसेल तर करार कळतच नाही.

कलम_१५८
संचालकपदाबद्दल. संविधानाचं कलम १५८(२) म्हणतं की राज्यपालाने दुसरं कोणतंही लाभाचं पद धारण करू नये. खासदारांसाठीच्या कलम १०२ मध्ये 'सरकारच्या अधीन' लाभाचं पद असे शब्द आहेत. १५८ मध्ये ते नाहीत. म्हणजे राज्यपालावरचं बंधन शब्दशः अधिक व्यापक आहे, आणि मानधन मिळणारं खासगी संचालकपदही त्यात येतं असं वाचायला पुरेपूर जागा आहे. संविधानाच्या मूळ दुसऱ्या अनुसूचीत राज्यपालाचं वेतन महिना ५,५०० रुपये होतं.

एक खबरदारी: मोदींची नेमणूक संविधानाआधीची, म्हणून २६ जानेवारी १९५० पूर्वीच्या काळाला ही कलमं लावू नका. प्रांताचं नाव 'उत्तर प्रदेश' झालं २४ जानेवारी १९५० ला, म्हणजे एकाच कारकिर्दीत दोन पदनामं येतात.

जुनी_फाईल
चांगला मुद्दा. यालाच जोडून त्या प्रांताचं जमीनदारी निर्मूलनाचं विधेयक घ्या. ते जुलै १९४९ ला मांडलं गेलं, त्यामुळे संविधान आलं तेव्हा प्रलंबित होतं. अशा विधेयकांसाठीच कलम ३१(४) होतं: ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं आणि त्यांची संमती घ्यायची. संमती मिळाली २४ जानेवारी १९५१ ला. धोरण मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंतांच्या सरकारचं. राजभवनाचं काम ही वाट नीट पार पाडण्याचं. जमिनी प्रत्यक्ष सरकारकडे आल्या १ जुलै १९५२ ला, तोवर मोदी जाऊन कन्हैयालाल मुन्शी आले होते. 'मोदींनी जमीनदारी संपवली' असं वाक्य कुठे दिसलं तर उचलू नका.

सूत_दर
आणि नावांची गल्लत टाळा. रूसी मोदी (टाटा स्टील) आणि पिलू मोदी (स्वतंत्र पक्षाचे खासदार) ही होमींची मुलं. फिरोजशहा मेहतांचं १९२१ चं इंग्रजी चरित्र मात्र खुद्द होमींनीच लिहिलेलं आहे.

गिरणी_परळ
आभार. चौकट १९४३ पासून सुरू करतो, करार जपानच्या संदर्भासह घेतो, आणि पदनाम दोन ओळींत वेगळं लिहितो.