काळावर लिहिणारे सगळे रडतातच का?

रंकाळा_वाचक: आपले कवी आणि ललितलेखक काळावर लिहायला बसले की सूर ठरलेला. बालपण गेलं, वाडा पाडला, आजी गेली. दिवाळी अंकांत दरवर्षी तेच. काळाचा अनुभव म्हणजे फक्त गमावणं का? मराठीत या विषयावर वाचण्यासारखं काही नाही, हे माझं स्पष्ट मत.

मंगळवार_पेठ: "वाचण्यासारखं काही नाही" हे वाचून गप्प बसवेना. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' उघडा. महिन्यामहिन्यावर लेख, आणि 'माझं काय गेलं' याचा शोक नाही. झाडं, फुलं, पाखरं बघता बघता वर्ष सरकतं, आणि गेलेला महिना पुन्हा येणार हेही कळतं. आणि अरुण कोलटकर? 1932 साली आपल्या कोल्हापुरात जन्मलेला कवी. त्याच्या 'जेजुरी' या कवितासंग्रहाच्या शेवटी माणूस स्टेशनावर अडकतो. घड्याळावरच्या आकड्यांची बेरीज शून्य. पुढची गाडी कधी, एवढं कुणी सांगावं म्हणून घड्याळापुढे बकरा कापायचा, रुळावर नारळ फोडायचा, इथवर नवस जातो. यात बालपण कुठं आलं?

शिरोळचा_ऊसवाला: ते स्टेशन आमच्या बांधावर रोज असतंय. उसाची आडसाली लागण, म्हणजे दीड वर्षाचं पीक, जुलैची; दीड वर्ष होत आलं, तोड नाही. कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला, फोन केला की "पुढच्या आठवड्यात". तुरा आला, वजन घटाय लागलं. आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आमच्याकडं गेल्या हंगामाचं बिल अजून अडकलंय. ह्या वाट बघण्यावर कोण लिहितंय ते सांगा.

रंकाळा_वाचक: बिलाचा धागा वेगळा काढा. आणि 'जेजुरी' 1976 ला आली ती इंग्रजीत. मी मराठीबद्दल बोलतोय.

शिरोळचा_ऊसवाला: मी विषयावरच बोलतोय. पगारदाराचा महिना तारखेला संपतो, आमचं वर्ष ऊसतोडीची टोळी फडात आल्यावर संपतंय. वडील शेवटच्या आजारपणात तारीख, वार काही विचारायचे नाहीत. "टोळी आली का?" एवढंच. ह्याला रडगाणं म्हणायचं असेल तर समोर येऊन म्हणा.

गंगावेस_ताई: मराठीच पाहिजे ना? मग मर्ढेकरांच्या कवितेतला गणपत वाणी घ्या. बिडी पीत, काडी चावत 'इथं माडी बांधीन' म्हणतो आणि बिडी पिता पिताच मरतो. आख्खं आयुष्य सरलं, आणि कवीनं स्वतःचं गाऱ्हाणं कुठं घातलेलं नाही.
पण दिवाळी अंकांचा राग मलाही आहे. 2019 च्या पुरात आम्ही घड्याळ बघतच नव्हतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, एवढंच विचारत होतो. 39 ला इशारा, 43 ला धोका. या दोन आकड्यांमधली रात्र केवढी असते, ते मी लेखात मांडलं. संपादकांनी परत पाठवला, "आठवणींचा ओलावा कमी पडतो" म्हणून. मागणीच तशी असेल तर लेखक दुसरं काय देणार?

मंगळवार_पेठ: तरी लिहिणाऱ्यानं वाकायचं कशाला?

रंकाळा_वाचक: गणपत वाणी मान्य. 'ऋतुचक्र' परत वाचून बघतो, कोलटकर मराठी म्हणून मोजणार नाही. शिरोळकर, वडिलांबद्दल तसं म्हणायचं नव्हतं. ताई, तो लेख इथं टाका. दिवाळी अंकांबद्दल मात्र माझं मत तेच.

शिरोळचा_ऊसवाला: टाका ताई. बिलाचा धागा मी काढतोय, तिथंबी सगळ्यांनी लिहा.