पहिल्यांदाच गळ टाकणार आहे, शिंगाळा-मागूर धरायचाय, कोल्हापुरातल्या बायका कोणी आहात का?

कळंब्याकडची:
नमस्कार, मी चौतीस वर्षांची, नोकरी करते, मासेमारीतलं काहीच येत नाही. लहानपणी आजोबांबरोबर भोगावतीच्या काठाला बसायची, ते शिंगाळा काढायचे तेव्हा त्याच्या त्या लांब मिशा बघून मी लांब पळायची, पण आता तेच स्वतः करावंसं वाटतंय. रॉड कोणता घेऊ, आमिष काय लावू, आणि मुख्य म्हणजे एकटी बाई काठावर बसली तर कितपत ठीक? काटे लागतात म्हणतात त्याचीही भीती आहे. घरचे म्हणतात भाऊ आला की जा, पण भाऊ पुण्यात.

बंधाऱ्यावरचा:
ताई, सुरुवातीला महागाचं काही घेऊ नका. सात-आठ फुटी मध्यम ताकदीचा रॉड, त्याला ३००० किंवा ४००० नंबरचं रील, पस्तीस पॉइंटचा (म्हणजे ०.३५ मिमी जाडीचा) साधा नायलॉन धागा, बास. धाग्यात आधी शिसं ओवायचं, मग मणी, मग स्विव्हल (धाग्याला पीळ पडू न देणारी फिरती कडी), आणि त्याच्यापुढं दीड वीत धागा नि गळ. शिसं सुटं राहतं म्हणून मासा आमिष घेऊन निघाला तरी त्याला ओझं जाणवत नाही, हे लई महत्त्वाचं, कारण हा मासा डोळ्यानं कमी आणि मिशांनी जास्त शोधतो, वास नि चव लागली की तळाला चाचपत येतो. म्हणून आमिष तळाशीच पाहिजे. गांडूळ सगळ्यात बरं, चिकनची आतडी नाहीतर काळीजही चालतं, फक्त काळीज मऊ असतं, दोऱ्यानं गळाला बांधायचं.

जागा म्हणाल तर शहराचं सांडपाणी आणणारा जयंती नाला मिळतो त्याच्या खालच्या पंचगंगेतलं मासं खाऊ नका, वर प्रयाग चिखलीच्या पुढं कासारी-भोगावतीकडं जा. आपल्या बंधाऱ्यांच्या खालच्या डोहात शिंगाळा असतो, पण बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढायच्या दिवसात तिथं उभं राहायचं नाही. पावसाळ्यात तर बिलकूल नको, राधानगरीचे ७ स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि भोगावतीचं पाणी बघता बघता चढतं. धरणात, तलावात मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, आधी विचारून घ्या.

करवीरची मावशी:
अगं बाळा, मी सात वर्षं जाते, पहिल्यांदा मलापण लोक बघत बसायचे. एकटी जाऊच नकोस असं मी म्हणणार नाही, पण पहिले चार-पाच वेळा कुणीतरी सोबत ने, नणंद ने, मैत्रीण ने, तिला फक्त बसायला सांग. मासा संध्याकाळनंतर जास्त लागतो हे खरंय, तरी अंधार पडायच्या आत निघ, दुपारी चारला बसलीस तरी मिळतो. गाडी रस्त्यालगत लाव, मोबाईल चार्ज, पाण्याची बाटली, आणि सलवार-कुर्ता घातलास तर ओढणी घरी ठेव, गळ अडकतो ग त्यात.

काट्याचं सांगते. पाठीवर एक आणि कल्ल्यामागं दोन्ही बाजूला एकेक, असे तीन. मासा घाबरला की ते ताठ करून अडकवतो, मग दाबूनही बसत नाहीत. ओल्या फडक्यानं मागून धरायचा, बोटं काट्यांच्या मागं, आणि गळ काढायला लांब तोंडाची पक्कड. शिंगी (मागूरसारखाच दिसणारा मिशीवाला मासा) मिळाली तर जास्त जपून, तिचा काटा विषारी, हात ठणकतो. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी हात बुडव आणि सूज वाढली की डॉक्टरकडं जा. मागूर बादलीत टाकलास तर झाकण ठेव, तो हवेतला श्वास घेतो, उडी मारून गवतातनं चालायला लागतो.

शिरोळवाला:
एकच भर घालतो. सांगलीकडच्या कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबर भागात काठाला पाय सोडून बसू नका. आणि थाई मागूर (बाहेरून आणलेली मागूरची जात) लागला तर परत पाण्यात सोडू नका, त्याच्या पैदाशीवर बंदी आहे, आपल्याकडचे मासे फस्त करतो तो.

कळंब्याकडची:
मनापासून आभार सगळ्यांचे. रविवारी नणंदेबरोबर जाऊन आले, तीन तासात एक वीतभर शिंगाळा लागला, रॉड वाकला तेव्हा माझे हात थरथरत होते. पण त्यानं गळ पार पोटात गिळला होता, ओढायला मन झालं नाही. अशा वेळी काय करायचं?

करवीरची मावशी:
ओढायचा नाही ग. धागा तोंडाशी काप आणि सोडून दे, ओढलास तर मरतोच. पुढच्या वेळी वर्तुळासारखा वाकलेला गळ मिळतो तो घे, झटका न देता धागा हळूच ताण, ओठालाच लागतो.