भाड्याच्या घरांचं दप्तर कसं लावायचं? (ग्रुपवरची चर्चा)

ए-१०२: जाणकारांनी जरा लिहा. मालकांच्या वतीने भाड्याची घरं सांभाळणारी कंपनी आहे. समजा पाच मालक, चाळीस घरं, एक एक्सेल फाइल आणि फोनमध्ये ढीगभर फोटो. दप्तर लावायला सुरुवात कुठून करायची?

सी-५०१: फाइल माणसाच्या नावाने उघडू नका, कराराच्या नंबराने उघडा. इमारत ०७, घर ३०२, त्या घरातला चौथा करार, म्हणजे ०७-३०२-०४. तोच भाडेकरू दुसऱ्या घरात गेला, दोघांपैकी एक सोडून गेला, भाडं भावाच्या खात्यातून आलं, की नावावरच्या फाइलीचा चोथा होतो. करार, पावत्या, फोटो, तक्रारी, सगळ्यांवर हाच नंबर.

बी-३०४: काका, तोच भाडेकरू करार वाढवून राहिला तर?

सी-५०१: तरी नवा नंबर, ०५. फक्त डिपॉझिट जुन्या करारातून नव्यात वर्ग केल्याची एन्ट्री विसरायची नाही. विसरलात तर जुन्या खात्यात ते परत द्यायचं बाकी दिसतं आणि नव्यात शून्य.

ए-६०३: फाइलीच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. आणि ‘करार फायनल’, ‘करार फायनल नवा’, ‘करार एकदम फायनल’ ही मालिका बंद करा 🙏

ए-१०२: भाडं सध्या आलं की लिहायचं, अशी पद्धत आहे.

सी-५०१: थकबाकी तिथेच लपते. न आलेलं भाडं त्या यादीत कुठे दिसणार? दर महिन्याच्या देय तारखेला आधी प्रत्येक करारावर मागणी (येणं असलेलं भाडं) टाका, मग जमा. अर्धी रक्कम आली तर ती कोणत्या महिन्यापोटी धरली ते पावतीवर यायला हवं. उशिराचा दंड, वीज, पाणी, नुकसानभरपाई यांची हेड, म्हणजे हिशेबातली सदरं, वेगळी. सगळं ‘भाडं’ म्हणून जमा केलं की मालकाला द्यायचे किती आणि आपलं कमिशन कशावर, दोन्ही चुकतं. चुकीची एन्ट्री खोडायची नाही. उलट एन्ट्री टाकून मग बरोबर टाकायची.

बी-३०४: मोडक्या महिन्याचा हिशेबही लिहून ठेवा. भाडं १२,०००, भाडेकरू ११ तारखेला आला. महिना ३० दिवसांचा असेल तर २० दिवसांचे ८,००० होतात, तिथे प्रश्न नाही. महिना ३१ चा असेल तर दिवस २१. मग ३० ने भागलं तर ८,४०० आणि ३१ ने भागलं तर ८,१२९. कशाने भागायचं ते करारातच ठरवा. घर सोडताना हाच हिशेब उलटा करावा लागतो आणि तेव्हा जो तो आपल्या सोयीचा आकडा धरून बसतो.

ए-१०२: डिपॉझिट कंपनीच्या चालू खात्यातच ठेवलं तर चालेल ना?

सी-५०१: नाही. ते पैसे कंपनीचे नाहीत. बँक खातं वेगळं, रजिस्टर वेगळं: कधी आलं, कोणाच्या खात्यातून, कोणत्या करारावर, आत्ता कोणाकडे आहे, काय कापलं, त्याचं बिल कुठलं, परत कधी दिलं. ‘आत्ता कोणाकडे’ हा रकाना हमखास राहतो. डिपॉझिट मालकाकडे वळतं केलं असेल तर त्याची सही असलेली पोच हवी. नाहीतर भाडेकरू घर सोडताना तुमच्याच दारात येणार.

आता महिनाअखेरचा ताळमेळ. मालकांच्या पैशाचं जे बँक खातं आहे त्याची शिल्लक, रोजकीर्दीची (रोजच्या जमा-खर्चाच्या वहीची) शिल्लक आणि मालकवार खात्यांची बेरीज, तिन्ही आकडे एक यायला हवेत. पहिल्या दोनांत फरक आला तर न वटलेला चेक, बँकेचे चार्जेस किंवा परत फिरलेलं पेमेंट शोधा. पण बेरीज जुळली म्हणून हुश्श करू नका. पाच मालकांच्या बाक्या (आपल्याकडे जमा असलेले त्यांचे पैसे) अशा धरा: ९०,०००, ८५,०००, ७०,०००, ९०,००० आणि उणे २५,०००. बेरीज ३,१०,०००. बँकेतही तेवढेच. सगळं छान दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या चौघांचे ३,३५,००० जागेवर असायला हवे होते. पाचव्याच्या घराची दुरुस्ती त्यांच्या पैशातून झालीय. म्हणून प्रत्येक मालकाची बाकी सुटी बघायची, आणि उणे दिसली की त्याच्याकडून पैसे आल्याशिवाय त्याच्या घरावर पुढचा खर्च नाही.

ए-१०२: बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

बी-३०४: ताबा देताना-घेतानाचे फोटो हा दुसरा घोळ. चॅटवरून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि काढल्याची तारीख-वेळ त्यातून निघून जाते. मूळ फाइलच घ्या, किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा. आधी दारातून अख्खी खोली, मग ओरखडा, डाग, तडा जवळून. जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. मीटरच्या फोटोत रीडिंग आणि मीटरचा नंबर दोन्ही दिसायला हवेत, नुसतं रीडिंग कोणत्याही मीटरचं असू शकतं. खोलीवार यादीवर दोघांच्या सह्या त्याच दिवशी. सोडताना त्याच यादीची प्रत, त्याच कोनातून फोटो.

ए-६०३: दुरुस्तीच्या तक्रारी चॅटवर येतात आणि फोनवर मिटतात, मागे काही उरत नाही. प्रत्येक तक्रारीला नंबर द्या: आली कधी, कोणी कळवली, मालकाची मंजुरी, कोण गेलं, काय बदललं, बिल, वॉरंटी. हे घरवार आणि वस्तूवार शोधता आलं पाहिजे. एकाच गीझरवर तिसरा खर्च होतोय हे सिरियल नंबरशिवाय कळत नाही.

सी-५०१: दुरुस्ती आणि नवी भर वेगळी लिहा. नळाचा वॉशर आणि नवं किचन यांना कराच्या हिशेबात सहसा एकच न्याय नसतो.

बी-३०४: आणि आठवण कराराच्या शेवटच्या तारखेची लावू नका. नोटीस ६० दिवसांची असेल तर ९० दिवस आधीची लावा.

ए-१०२: ओळखपत्रांच्या प्रती किती वर्षं ठेवायच्या?

सी-५०१: कर, करार आणि खासगी माहिती, तिन्हींचे कायदे बघून मुदत ठरवा. कराराच्या कागदांची मुदत करार संपल्यापासून मोजायची, सुरू झाल्यापासून नाही. ज्यांना घर दिलंच नाही त्यांचे कागद मात्र साठवत बसू नका. आणि ओळखपत्रं सगळ्या स्टाफला उघडी नकोत.

ए-६०३: बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर. तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा. सॉफ्टवेअर घेणार असाल तर आधी विचारा, सोडताना खात्यांसोबत जोडलेले फोटो आणि पावत्याही बाहेर काढता येतात का. बरेचदा नुसती आकड्यांची शीट मिळते.

ए-१०२: शेवटचं. चाव्यांवर घराचा नंबर लिहू का?

बी-३०४: नको! हरवली तर सापडणाऱ्याला पत्ताच मिळाला. चावीवर नुसता कोड, कोडाची यादी कुलपात. रजिस्टरमध्ये कोण, कधी नेली, कधी परत, सही. प्लंबरलासुद्धा.