अगत्ती ते पोर्ट ब्लेअर विमानानं सव्वातीन तास? खरंच?

धरमपेठवाला:
दिवाळीच्या सुट्टीत लक्षद्वीप आणि अंदमान एकाच फेरीत करायचा विचार करून राहिलो. एका साइटवर अगत्ती ते पोर्ट ब्लेअर २२४५ किमी, वेळ सव्वातीन तास असं दाखवलंय, पण तिकीट शोधायला गेलं की डायरेक्ट काहीच येत नाही. दोन्ही ठिकाणी एअरपोर्ट आहे, मग फ्लाइट काहून नाही? कोणी गेलंय का?

रनवेपुराण:
भाऊ, अंतर बरोबर आहे, वेळ हवेतली आहे. त्या साइट दोन एअरपोर्टमधलं सरळ अंतर घेतात, जेटच्या स्पीडनं भागतात, वर चढ-उताराचा अर्धा तास टाकतात, झालं. तिथं विमान उडते का हे त्या बघतच नाहीत. अगत्तीचा रनवे जेमतेम १२०० मीटर, दोन्ही बाजूंनी समुद्र, त्यामुळे तिथं एटीआरसारखी पंख्याची विमानंच उतरतात. एअरबस ए३२० विसरा. आणि एटीआर ताशी ५०० च्या आसपास जाते, म्हणजे साडेचार तास झाले, पण मुळात माणसं भरून एवढ्या लांब जायची त्याची टाकीच नाही.

सावजीप्रेमी:
एटीआरचा आवाज आणि हादरे, बापा! पण खिडकीतून उतरताना ते हिरवट निळं पाणी दिसते ना, पैसे वसूल.

उपराजधानीकर:
गंमत बघा, अगत्ती-कोची साधारण ४६५ किमी, कोची-चेन्नई ५२०, चेन्नई-पोर्ट ब्लेअर १३७०. बेरीज २३५५. म्हणजे फिरून गेलं तरी सरळ रेषेपेक्षा शंभर-सव्वाशे किमीच जास्त! हवेतले मिळून पाचेक तास होतात, बाकी सगळा वेळ एअरपोर्टवर बसण्यात. कोचीला किंवा चेन्नईला एक मुक्काम धराच, आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दोन फ्लाइटमध्ये भरपूर गॅप ठेवा, पहिली लेट झाली की दुसऱ्यावाले ओळख दाखवत नाहीत. लक्षद्वीपले परमिट लागते ते आधी काढा, अंदमानले आपल्याले नाही लागत. आणि हो, तिकीट शोधताना पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, दोन्ही नावं टाकून बघा.

रनवेपुराण:
आणखी एक, घड्याळ दोन्हीकडे तेच पण सूर्य नाही. पोर्ट ब्लेअरला सूर्य अगत्तीपेक्षा सुमारे ८० मिनिटं आधी उगवतो, संध्याकाळी अंधारही तेवढाच लवकर. तिथलं फिरणं सकाळीच उरका.

धरमपेठवाला:
मिसेसनं बेरीज वाचली आणि म्हणाली, पोट्ट्यांना घेऊन एअरपोर्टच बघायचेत का? यंदा अंदमानच, नागपूरहून जीटी (ग्रँड ट्रंक) एक्स्प्रेसनं चेन्नई आणि तिथून विमान. जीटीचं वेटिंग दिवाळीत कितपत क्लिअर होते, कोणाले अंदाज?