स्टिरॉइडच्या ट्यूबची भीती: कामाची की नुकसानीची?

आडवाट:
डॉक्टरांनी इसबावर मलम लिहून दिलं की घरात पहिला प्रश्न येतो, "यात स्टिरॉइड नाही ना?" असेल तर ट्यूब कपाटात जाते. माझ्या भावाची हीच गत. कोपराच्या आतल्या बाजूला इसब. रात्री झोपेत इतकं खाजवायचा की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. मलम होतं, पण पठ्ठ्या टाचणीच्या डोक्याएवढं घेऊन तळहाताएवढ्या चट्ट्यावर पसरवायचा. दोन दिवसांनी बंद. मग "हे औषध मला लागूच पडत नाही." वर्षभरात तिथली कातडी जाड आणि खरबरीत झाली, आणि आधीचं सौम्य मलम पुरेना म्हणून जास्त जोरकस द्यावं लागलं. स्टिरॉइड टाळता टाळता जास्तच स्टिरॉइड पदरात पडलं.

किती लावायचं याचं माप आहे आणि ते सोपं आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या पेरावर, ट्यूबमधून एक सलग रेघ ओढायची. पाच मिलिमीटर तोंडाची ट्यूब असेल तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं, आणि बोटांसकट दोन तळहात मावतील एवढ्या जागेला पुरतं. लाँग आणि फिनले या दोघांनी १९९१ मध्ये हे माप मांडलं. भावाला बोटावर रेघ ओढून दाखवली तर म्हणतो, "एवढं? मी तर एवढ्यात पंधरा दिवस काढतो!"

माझं मत: या मलमांनी होतं त्याहून जास्त नुकसान त्यांच्या भीतीने होतं. बोला.

खडूस:
बोलतोच. ती भीती मला वेळेवर वाटली असती तर आज मांडीवर हे पांढरे ओरखडे नसते.

जांघेत लाल, खाजरा चट्टा आला होता. ओळखीच्या एकाने स्वतःची उरलेली ट्यूब दिली, "मला लगेच गुण आला" म्हणून. तिसऱ्या दिवशी खाज गायब. लावणं थांबवलं की आठवड्यात परत, आणि आधीपेक्षा मोठा. असं चार महिने. तो होता नायटा, आणि ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत जोरकस स्टिरॉइडही होतं. स्टिरॉइडने खाज आणि लाली दाबली, बुरशी आत मजेत पसरत राहिली. नायट्याची ती ठरलेली गोल, उठावदार कडसुद्धा पुसट झाली. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तेव्हा कुठे निदान झालं. या लपलेल्या नायट्याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हणतात. नाव १९६८ सालचं, म्हणजे आपली फजिती काही नवीन नाही.

नायटा नंतर दीड-दोन महिन्यांत गेला. ओरखडे राहिले, तिथली कातडी कायमची ताणून विरली आहे.

आडवाट:
वाईट झालं. पण तुमची तक्रार चुकीच्या रोगावर लावलेल्या, दुसऱ्याच्या औषधाची आहे. भावाला त्याच्या रोगाचं योग्य औषध तपासून दिलं होतं.

खडूस:
लाल, खाजणारं, पापुद्रे सुटणारं. आता सांगा, हा इसब की नायटा? तुम्ही "घाबरू नका" लिहिता ते माझ्यासारखाही वाचतो. त्याच्या हातात आधीच कुणाची तरी ट्यूब असते.

रात्रपाळी:
औषधाच्या काउंटरवर काही वर्षं काढली आहेत, म्हणून मध्ये पडतो. तुम्ही दोघेही 'स्टिरॉइड' असं बोलताय जणू ती एकच वस्तू आहे. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के शेजारी ठेवले की लोक दुसरं सौम्य समजून उचलतात, आकडा लहान म्हणून! प्रत्यक्षात क्लोबेटासॉल सगळ्यात जहाल गटातलं. सलग दोन आठवडे आणि आठवड्याला ५० ग्रॅम, याच्या पुढे जाऊ नये अशी त्याची मर्यादा आहे. टक्केवारी फक्त त्याच औषधाच्या दोन ट्यूबांत तुलना करायला उपयोगी.

दुसरं म्हणजे जागा. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीरावर कुठे किती शोषलं जातं ते मोजलं. कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळावर सहा पट, जबड्यावर तेरा पट, वृषणांच्या कातडीतून बेचाळीस पट. तळपायातून मात्र हाताच्या सातव्या हिश्शाएवढंच. त्यामुळे तळपायाच्या जाड कातडीला चालणारं मलम जांघेत किंवा चेहऱ्यावर चालेल हे डोक्यातून काढा. जांघेत तर कातडीला कातडी घासते, घाम साचतो, झाकून पट्टी बांधल्यासारखंच होतं. खडूस, तुमचे ओरखडे तिथेच का उमटले ते यात आलं.

माऊ:
स्टिरॉइड सोडूनही बोला की कोणी! मुरुमांसाठी मी बेन्झॉइल पेरॉक्साइड १० टक्क्यांचं आणलं, जास्त म्हणजे लवकर जातील म्हणून. चेहरा सोलून निघाला आणि निळ्या उशीच्या अभ्र्यावर फिकट नारिंगी डाग पडले, कारण ते औषध कापडाचा रंगही उडवतं. नंतर कळलं की २.५ टक्केही जवळपास तेवढंच काम करतं आणि चुरचुर कमी करतं. अ‍ॅडापॅलीन या मुरुमांच्याच दुसऱ्या मलमाच्या वेळी उलटं केलं. तिसऱ्या आठवड्यात पुळ्या वाढल्या म्हणून सोडून दिलं. ते सुरुवातीला असं होतंच म्हणे, आणि गुण बघायला बारा आठवडे द्यायचे असतात. ट्यूब देताना हे एका वाक्यात कुणी सांगितलं असतं तर? (गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर त्या वाटेला जाऊ नका, हे मात्र खोक्यावरच होतं.)

खडूस:
माऊ, तुम्ही सोडून तरी दिलंत. माझी बहीण सोडायलाच तयार नव्हती. वांगासाठी काही आठवड्यांपुरतं दिलेलं तिहेरी क्रीम, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड, तिने दीड वर्ष चेहऱ्याला लावलं. "उजळ दिसतं" म्हणून. बंद केलं की आग, लाली, पुळ्या, मग पुन्हा तेच क्रीम. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये स्टिरॉइड मलम थांबवल्यावर होणाऱ्या अशाच त्रासाबद्दल सूचना काढली होती. आडवाट, हिला काय सांगणार, घाबरू नकोस?

आडवाट:
नाही. हिला घाबरायलाच सांगेन. पण तुमच्या बहिणीकडे बघून माझा भाऊ पुन्हा टाचणीच्या डोक्याएवढं लावायला लागेल, त्याचं काय? रात्रपाळी म्हणतात ते मान्य, की नाव, जागा आणि दिवस हे तीन कळल्याशिवाय 'घाबरा' आणि 'घाबरू नका' दोन्ही अर्धवट. माझं वाक्य फक्त ज्याचं निदान झालंय त्याच्यापुरतं ठेवतो. तेवढं मागे घेणार नाही.

माऊ:
भाऊ आता कसा आहे?

आडवाट:
चट्टा बसला. आता डॉक्टरांनी आठवड्यातले दोनच दिवस लावायला सांगितलंय, पुन्हा उठू नये म्हणून. बाकी रोज अंघोळीनंतर अंग ओलसर असताना भरपूर मॉइश्चरायझर.

खडूस:
आणि ती आधीची उरलेली ट्यूब?

आडवाट:
आहे माझ्याकडे. मागू नका, मिळणार नाही.