मिशन इम्पॉसिबल : द फायनल रेकनिंग – मतं इतकी दुभंगली का?

रानवारा

धाग्यात शेवटापर्यंतचं सगळं उघड आहे. चित्रपट पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.

मालिकेतला हा आठवा भाग मे 2025 मध्ये आला. लांबी 169 मिनिटं, दिग्दर्शक पाचव्या भागापासूनचे ख्रिस्तोफर मॅक्वॉरीच. तरी प्रेक्षकांत सरळ दोन तट पडलेत. पाणबुडी आणि विमान या दोन प्रसंगांवरच एका तटाचे पैसे वसूल झालेत, तर दुसऱ्याला पहिला तास सरता सरत नाही. आणि 'फॉलआउट' (2018) डोक्यावर घेणारे लोक दोन्हीकडे सापडतात.

नेमकं बिघडलंय कुठे? नुसती लांबी म्हणावी तर 'फॉलआउट'ही 147 मिनिटांचा होता, पण तो कुठे रेंगाळत नाही. जुन्या भागांचे धागे (सशाचा पाय, डॉनलो, फेल्प्स) ओढूनताणून जोडलेत की पटतात? आणि ज्यांनी मालिकेतलं काहीच पाहिलेलं नाही त्यांना हा दाखवायचा असेल तर आधी किमान काय दाखवावं, पडदा कुठला निवडावा? जाणकारांनी सविस्तर लिहा.

निशाचर

पहिल्या तासाचं दुखणं लांबीचं नाही, खलनायकाचं आहे. एन्टिटी हा संगणकातला प्रोग्रॅम. त्याला चेहरा नाही, तो खोलीत शिरत नाही, त्याला ठोसा मारता येत नाही. त्यामुळे तो काय करतोय हे कुणीतरी तोंडाने सांगावंच लागतं. नऊ अण्वस्त्रधारी देश एकेक करून त्याच्या ताब्यात जातात, हेसुद्धा आपल्याला बंद खोलीतल्या लोकांच्या बोलण्यातून आणि पडद्यावरच्या नकाशातूनच कळतं.

याच्या उलट पहिल्या भागातला (1996) लँगलीच्या, म्हणजे सीआयए मुख्यालयातल्या तिजोरीचा प्रसंग आठवा. नियम तीनच: आवाज नको, खोलीचं तापमान वाढता नये, जमिनीवर वजन पडता नये. तिन्ही एकदाच सांगितले जातात आणि मग तिन्हींची परीक्षा होते. उंदरामुळे दोर सुटतो, माणूस जमिनीच्या बोटभर वर लोंबकळत राहतो, चष्म्यावरून ओघळणारा घामाचा थेंब तो तळहातावर झेलतो. तिन्ही नियम शरीराला कळणारे आहेत, म्हणून प्रेक्षक आपोआप श्वास रोखतो.

आता आठव्या भागातली साखळी मोजा. किल्ली, त्या किल्लीने उघडणारी बुडालेल्या पाणबुडीतली पेटी, पेटीतला मूळ कोड म्हणजे पॉडकोव्हा, त्याला जोडायची ल्यूथरची 'पॉइझन पिल' (एन्टिटीला मारणारा प्रोग्रॅम), मग दक्षिण आफ्रिकेतला बंकर, तिथली ड्राइव्ह, आणि ती ड्राइव्ह पापणी लवते तेवढ्या वेळात उपसून काढायची. सात दुवे आणि त्यातला एकही पाहून कळणारा नाही. म्हणून प्रत्येक दुवा दोन-तीनदा बोलून दाखवलाय. एक माणूस वाक्य सुरू करतो, दुसरा पुढे नेतो, तिसरा संपवतो, आणि मध्ये जुन्या भागांतली दृश्यं चमकून जातात. जे समजलंय तेही या पद्धतीने पुन्हा धूसर होतं.

सगळ्यात जास्त वाईट ल्यूथरच्या मृत्यूचं वाटतं. आठही भागांत असलेली मुख्य माणसं दोनच, नायक ईथन आणि त्याचा हा साथीदार. बॉम्बचा अणुस्फोट टाळण्यासाठी तो तिथेच थांबतो, जाळीच्या अलीकडे ईथन आणि पलीकडे तो. प्रसंग उत्तम लिहिलाय, विंग रेम्सने आवाज जराही न चढवता केलाय. पण आधी माहितीचा डोंगर आणि लगेच पुढे माहितीचा डोंगर, त्यामुळे त्याला टेकायला जागाच मिळत नाही. संकलनात त्यानंतर अर्धा मिनिट शांतता ठेवली असती तरी परिणाम वेगळा झाला असता.

अर्धविराम

निशाचर यांच्याशी बव्हंशी सहमत, पण पहिल्या तासाला निर्मितीतलं एक कारणही आहे. सातवा भाग जुलै 2023 मध्ये 'पार्ट वन' म्हणून आला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या अभिनेत्यांचा संप सुरू झाला, आठव्याचं चित्रीकरण थांबलं आणि त्यासाठी 2024 चा जून ठरलेला होता तो मे 2025 वर गेला. नावातून 'पार्ट टू'ही काढून टाकलं. जवळजवळ दोन वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्या प्रेक्षकाला आधीचं काही आठवणार नाही, असं धरूनच हा तास रचलाय. उजळणी हवीच होती, फक्त ती सुरुवातीच्या दहा मिनिटांत, राष्ट्राध्यक्षांच्या व्हीएचएस कॅसेटवरच्या निरोपातच आटोपता आली असती. तो निरोप छान जमलाय आणि त्यातच सगळं बसत होतं.

मध्यलय

पाणबुडीवर कुणीतरी नीट लिहायला हवं, कारण वरच्या दुखण्याचं औषध याच चित्रपटात आहे.

सेवास्तोपोल या बुडालेल्या पाणबुडीतला प्रसंग साधारण वीस मिनिटांचा आणि जवळपास बिनसंवादाचा आहे. त्याचे नियम आधीच, अमेरिकी पाणबुडीवर सांगून झालेले असतात: खोली किती, वेळ किती, वर येताना शरीराचं काय होईल. एकदा माणूस पाण्यात उतरला की बोलणं बंद. बुडालेली पाणबुडी समुद्रतळाच्या उतारावर कशीबशी टेकलेली आहे, आणि आत पाणी एका दालनातून दुसऱ्यात गेलं की तिचा तोल बदलतो आणि ती गडगडते. म्हणजे ईथनने दार उघडणं हेच संकटाचं कारण. छत जमीन होतं, जमीन भिंत होते, टॉर्पेडो जागेवरून सुटून घरंगळतात. कारण आणि परिणाम दोन्ही एकाच चौकटीत दिसतात. लँगलीच्या तिजोरीचाच हा थोरला भाऊ. बारकाईने पाहा: मास्कच्या आत चेहऱ्यावर उजेड ठेवलाय, म्हणून इतक्या अंधारातही त्याचे डोळे कुठे वळतात ते दिसतं आणि पुढचं संकट आपण त्याच्या नजरेतून आधी ओळखतो.

ध्वनीकडेही लक्ष द्या. संगीत मॅक्स अरुज आणि अल्फी गॉडफ्री यांचं आहे. लालो शिफ्रिनची मूळ धून पाच मात्रांची, म्हणून तिच्यात कायम एक पाऊल पुढे पडल्यासारखी घाई असते. पाण्याखाली ती घाई बाजूला ठेवून पत्र्याचं कण्हणं, श्वास आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचे ठोके एवढ्यावर भागवलंय. पहिल्या तासात मात्र पार्श्वसंगीत एक क्षण गप्प बसत नाही, त्यानेही तो तास जड होतो.

आता जे पटत नाही ते. शेवटी तो टॉर्पेडोच्या नळीतून सूट काढून बाहेर पडतो आणि बर्फाळ पाण्यातून वर येतो. समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो. दीडशे मीटरवर तो पृष्ठभागाच्या सोळापट असतो. वर येताना फुप्फुसातली हवा तितक्याच पटीने फुगते, म्हणून सतत उच्छ्वास सोडत राहावं लागतं, नाहीतर फुप्फुस फाटतं. इथवर निभावता येतं. ब्रिटिश नौदलाने 1970 मध्ये सुमारे 180 मीटरवरून पाणबुडीतून सुटकेची चाचणी यशस्वी केली होती. पण तिथे सुटकेचा खास सूट होता आणि दाबाखाली राहण्याचा काळ काही सेकंदांचा. ईथन बराच वेळ दाबाखाली राबलेला आहे, म्हणजे रक्तात वायू भरपूर विरघळलेला. तसं झटक्यात वर आल्यास बुडबुडे धरणारच. चित्रपट हे नाकारत नाही, वर दाबकक्षाची सोय दाखवतो. खटकतं ते एवढंच की पुढच्या प्रसंगांत त्याच्या सांध्यांत, चालण्यात, बोलण्यात त्याचा मागमूस नाही. 'फॉलआउट'मध्ये प्रत्येक मार त्याच्या अंगावर टिकून राहायचा. इथे सर्वांत मोठी इजा एका दृश्यात धुतली जाते.

कवडसा

जुन्या धाग्यांबद्दल. तिन्ही एकाच मापाने तोलू नयेत.

डॉनलो शंभर टक्के जमला. 1996 मध्ये कॉफीतून औषध पाजून ज्याला उलट्या करायला लावल्या आणि शिक्षा म्हणून ज्याला अलास्काला धाडलं, तोच हा तिजोरीवाला कर्मचारी, आणि नटही तोच, रॉल्फ सॅक्सन. तेव्हा तो एक हशा वसूल करण्यापुरता होता. इथे त्याला घर आहे, बायको आहे, आणि बुडालेल्या पाणबुडीचा ठावठिकाणा त्याच्या डोक्यात आहे, कारण त्याच दूरच्या ठाण्यावर तो कानावर आला होता. शिक्षेचीच उपयुक्तता झाली. टेबलात रुतलेला तो सुरा त्याने जपून ठेवलाय आणि ईथनला परत देतो. राग नाही, उलट इथे येऊनच आयुष्य मिळालं असं तो सांगतो. जुना भाग वापरायचा तर असा: त्या माणसाचं पुढे काय झालं याचं उत्तर मिळालं पाहिजे.

सशाचा पाय मात्र घसरला. 2006 च्या तिसऱ्या भागात ती वस्तू काय आहे हे मुद्दाम सांगितलेलं नव्हतं, आणि तिची ताकद त्या न सांगण्यातच होती. आता ती एन्टिटीच्या जन्माशी जोडली. ईथनच्या चमूतल्या बेन्जीने तेव्हा बोलून दाखवलेल्या 'अँटी-गॉड'च्या तर्काशी धागा जुळतो, हे मान्य. पण त्या नळकांड्यावर जैविक धोक्याची खूण होती, त्यातून कोड निघणं ओढून आणल्यासारखं वाटतं. शिवाय त्यामुळे ईथन सगळ्या संकटाचा जनक ठरतो, आणि तो अपराधभाव पटकथेला पुढे कुठेच पेलवत नाही.

ईथनच्या मागावर असलेला ब्रिग्ज हा जिम फेल्प्सचा (पहिल्या भागात फितूर निघालेला ईथनचा वरिष्ठ) मुलगा निघतो, तो धागा तर फुकटच गेला. कळतं, दोघे एकमेकांकडे बघतात, संपलं. दहा मिनिटं देता येत नसतील तर नावच काढू नये.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलीय. राष्ट्राध्यक्षा ॲडमिरलसाठी जी चिठ्ठी देतात तिच्यावर 22 मे 1996 ही तारीख आहे. पहिला भाग अमेरिकेत त्याच दिवशी आला होता. कथेत या तारखेला स्वतःचा अर्थ आहे, त्यामुळे ज्याला संदर्भ माहीत नाही त्याचंही काही अडत नाही. बाकीचे संदर्भ असेच पेरायला हवे होते.

अर्धविराम

नव्या प्रेक्षकासाठी काय दाखवावं याचं उत्तर देतो. पहिला (1996, 110 मिनिटं), तिसरा (2006, 126 मिनिटं) आणि सातवा (2023, 163 मिनिटं), याच क्रमाने. साडेसहा तासांच्या आसपास होतात. पहिला डॉनलो, किट्रिज आणि फेल्प्ससाठी. तिसरा सशाच्या पायासाठी. सातव्याशिवाय तर किल्ली आणि खलनायक गॅब्रिएल काहीच कळणार नाही. दुसरा (2000) खुशाल सोडा. चौथा ते सहावा कथेसाठी गरजेचे नाहीत, पण वेळ असेल तर सहावा सोडू नका, मालिकेतला सर्वांत नेटका तोच. सातवा आणि आठवा यांत किमान एक दिवस जाऊ द्या; दोन्ही लागोपाठ पाहिले तर आठव्याची उजळणी अंगावर येते.

पडदा: मोठ्या भागाचं चित्र 2.39 गुणोत्तराचं आहे, आयमॅक्समध्ये निवडक प्रसंगांना ते 1.90 पर्यंत उघडतं. म्हणजे तेवढ्याच रुंदीत जवळपास 26 टक्के जास्त उंची. विमानाच्या प्रसंगात हा फरक खरा कळतो, कारण पंखाखालची दरी चौकटीत येते. आयमॅक्स नसेल तर पडद्यापेक्षा ध्वनी चांगला असलेलं चित्रगृह निवडा. पाणबुडीच्या प्रसंगात पत्र्याची करकर मागून-वरून येते, साध्या ध्वनियंत्रणेत ती नुसती गडगड होऊन बसते.

रानवारा

सगळ्यांचे आभार, डॉनलोबद्दल तर मत बदललं. एक राहिलंच: गॅब्रिएल इतका पोकळ का वाटतो? एसाई मोरालेस कमी पडलेत असं वाटत नाही.

निशाचर

नट कमी पडलेला नाही, त्याच्या हातचं काढून घेतलंय. सातव्या भागात तो एन्टिटीचा दूत होता, ईथनच्या भूतकाळातल्या मारीचा मारेकरी होता आणि व्हेनिसच्या पुलावर त्याने ईथनची साथीदार इल्सा हिला मारलं. आठव्यात एन्टिटीने त्याला टाकून दिलंय, मारीचं प्रकरण पुढे सरकत नाही आणि इल्साचा हिशेबही कुणी त्याच्याकडे मागत नाही. उरतं काय, तर पॉइझन पिल पळवणारा एक माणूस.

तरीही विमानाचा प्रसंग चालतो, आणि तो विमानामुळे. बोइंग स्टीअरमन हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं प्रशिक्षणाचं विमान, एकामागे एक दोन उघड्या जागा, वर-खाली दोन पंख, मध्ये खांब आणि ताणलेल्या तारा. म्हणजे माणसाला धरायला जागा आहे आणि त्याचा चेहरा झाकणारं काही नाही. वाऱ्याने गाल मागे ओढले जातात, पापण्या उघडत नाहीत, पाय घसरला की हात तारेवर कसा आवळतो ते दिसतं. शिवाय एक विमान लाल आणि एक पिवळं, त्यामुळे कितीही लांबून दाखवलं तरी कोण कुठे हा गोंधळ होत नाही. खोट एकच: दर मिनिटाला बंकरमध्ये जायचं. तिथे बेन्जीचं फुप्फुस, पॅरिस नावाची साथीदार करते ती शस्त्रक्रिया, बॉम्ब आणि ड्राइव्ह अशी चार कामं एकदम चाललीत. त्यातलं बॉम्बचं काम काढून टाकलं असतं तरी चमूतल्या ग्रेसच्या ड्राइव्हवर ताण टिकला असता, आणि विमानाला सलग तीन-चार मिनिटं मिळाली असती.

मध्यलय

बॉम्ब काढला तर डॉनलोला शेवटी काम उरत नाही. काढायचंच तर बंकरातल्या वाटाघाटी काढा. बॉम्ब राहू द्या.